२६५ घोडे आणि एक काळा डबा

२०२५ मधले आठ महिने मी कोव्हेंट्रीत होतो. ऑनसाइट. ऑनसाइट म्हटलं की आपल्याकडच्या नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर अजूनही टॉवर ब्रिज येतो. प्रत्यक्षात मी एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या करड्या इमारतीत बसून गाड्यांच्या वायपरचं आणि दरवाजांच्या लॉकचं सॉफ्टवेअर टेस्ट करत होतो. (हो, वायपरलाही सॉफ्टवेअर असतं. माझं घर त्यावरच चालतं.) पण कोव्हेंट्री म्हणजे जॅग्वारचं गाव. २००८ साली टाटांनी फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, त्यामुळे एका अर्थानं आपल्याच भावकीतलं.

गाड्यांचं वेड मला मामांकडून आलं. मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे. फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, हा त्यांचा खास विषय. गाडी गेटातून आत येता येताच आवाजावरून सांगायचे, "दोन नंबरचा प्लग मिस मारतोय." शाळेच्या सुट्टीत मी तिथे रॉकेलात पार्ट धुवायला असायचो. मामा या लेखात पुढे पुन्हा येणार आहेत, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

तर झालं असं. आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक साठी ओलांडलेला इंग्रज होता, आठवड्याचे तीनच दिवस यायचा. त्याच्याकडे १९६३ ची जॅग्वार ई-टाइप कूपे. आणि माझा टीम लीड, पस्तिशीचा, त्याच्याकडे नवी कोरी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, हप्त्यांवर घेतलेली. दोघांचं जेवताना रोज भांडण. लीड म्हणायचा, तुझं ते म्युझियम माझ्या हॅचबॅकपुढे कशातच टिकणार नाही. म्हातारा म्हणायचा, बरोबर आहे, पण तुझी गाडी पार्किंगमध्ये सोडून जाताना तू कधी मागे वळून बघतोस का?

शेवटी जूनमधल्या एका रविवारी दोघांनी मला न्यायाधीश नेमलं. कोव्हेंट्रीहून गेडनला, ब्रिटिश मोटर म्युझियमपर्यंत, जाताना ई-टाइपमधून जायचं आणि येताना गोल्फमधून. चालवायला अर्थातच मिळालं नाही, शेजारी बसायचं. जेमतेम तीसेक किलोमीटरचं अंतर. पण त्या रविवारपासून डोक्यात जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही.

आधी आकडे बोलू, कारण आपण इंजिनीयर लोक आकड्यांशिवाय जेवतही नाही.

गंमत अशी की दोन्ही गाड्यांच्या कागदावर एकच आकडा आहे: २६५. ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला लोकांसमोर आली तेव्हा तिच्या ३७८१ सीसीच्या, सहा सिलिंडरच्या, तीन एसयू कार्बोरेटरवाल्या इंजिनाची ताकद २६५ अश्वशक्ती सांगितली होती. आणि आत्ताची गोल्फ जीटीआय, १९८४ सीसी, चार सिलिंडर, टर्बो: २६५ पीएस. मध्ये साठ-बासष्ट वर्षं गेली आणि घोडे तेवढेच!

पण घोडे घोडे सारखे नसतात. जर्मन पीएस हा किंचित लहान घोडा, २६५ पीएस म्हणजे २६१ ब्रिटिश घोडे. उलट जॅग्वारचे २६५ हे 'ग्रॉस', म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर ठेवून, सायलेन्सर-बियलेन्सरचं ओझं न लावता मोजलेले. गाडीत बसवल्यावर त्यातले बरेच घोडे वाटेतच गळतात. आपल्याकडे बायोडेटावर 'सहा वर्षांचा अनुभव' लिहितात ना, तसंच काहीसं.

त्या काळी 'ऑटोकार' मासिकानं ई-टाइप कूपे तपासली तेव्हा तिनं ताशी दीडशे मैल गाठले, म्हणजे २४० किलोमीटरच्या वर. शून्य ते ६० मैल ६.९ सेकंदांत. (ती गाडी कंपनीनं मासिकासाठी खास तयार करून दिली होती हे पुढे सगळ्यांना कळलं. गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या गाड्या तेवढ्या पळायच्या नाहीत. डेमो बिल्ड आणि प्रॉडक्शन बिल्डमधला फरक १९६१ पासून आहे तर!) गोल्फला शून्य ते १०० किलोमीटर, म्हणजे ६२ मैल, ५.९ सेकंद लागतात, आणि २५० ला इलेक्ट्रॉनिक लगाम आहे. ही गाडी रोज सकाळी पोराला शाळेत सोडते, येताना भाजी आणते आणि वर एका सेकंदानं ई-टाइपला हरवते. तेही जवळजवळ निम्म्या इंजिनावर, आणि साधारण दुप्पट अॅव्हरेज देऊन.

अजून एक आकडा मला फार लागला. ई-टाइपचा आकार बघितला की वाटतं हिला वारा अडवतच नसेल. तो आकार काढणारा माल्कम सेयर हा मूळचा विमानांचा माणूस, ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत काम केलेला. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घ्यायला त्याचा विरोध असे. गाडीच्या वक्ररेषा तो गणितानं काढायचा, लॉग टेबल आणि स्लाइड रूल घेऊन, बिंदू-बिंदू मांडून. कॉम्प्युटर नाही, काही नाही. म्हणजे आपल्याच जातकुळीतला. आणि तरीही ई-टाइपचा ड्रॅग कोइफिशंट ०.४४ च्या आसपास सांगतात, तर आठव्या पिढीच्या गोल्फचा ०.२७५. डब्यासारखी दिसणारी हॅचबॅक बाणासारख्या दिसणाऱ्या कूपेपेक्षा वाऱ्यातून अलगद जाते! सेयरचं गणित चुकलं होतं असं नाही. त्याच्यानंतरच्या साठ वर्षांत विंड टनेलमध्ये आणि कॉम्प्युटरवर जे कळलं ते त्याच्याजवळ नव्हतं, एवढंच.

रुंदीचं तर विचारूच नका. 'कॉम्पॅक्ट' म्हणवणारी गोल्फ १.७९ मीटर रुंद आणि १९६१ ची सुपरकार १.६६ मीटर. वजन जॅग्वारचं साधारण सव्वाबाराशे किलो, गोल्फचं साडेचौदाशेच्या आसपास. गाड्यांची प्रकृतीही आपल्यासारखीच हिंजवडीला लागल्यापासून सुटलीय.

आता प्रत्यक्ष रविवार.

ई-टाइपमध्ये बसत नाहीत, शिरतात. आधी बूड, मग पाय, मग डोकं, नंतर सावकाश इज्जत. समोर काळ्या डायलींची रांग आणि खाली टॉगल स्विचची रांग, जुन्या विमानात असतात तशी. चोक ओढला, किल्ली फिरवली, मग स्टार्टरचं वेगळं बटण दाबलं. (पुश-बटण स्टार्ट हे आपल्याकडे टॉप मॉडेलचं कौतुक आहे ना? हे घ्या, १९६१.) दोन सेल वाया गेले, तिसऱ्याला धरलं. आणि मग जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही, तेव्हा तो नाद सोडतो.

पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही. त्यामुळे म्हातारा सिग्नलला पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नव्हता. फॉस वे नावाचा जुना रोमन रस्ता आहे, सरळसोट, चढउताराचा, त्यावरून निघालो. समोर ते लांबलचक बॉनेट, त्याच्यावर मधोमध फुगवटा, आणि काचेवर तीन वायपर. दोन नाही, तीन! वायपर हा माझा व्यावसायिक विषय असल्यामुळे मी विशेष दाद दिली. केबिनमध्ये पेट्रोल, ऑइल आणि जुन्या चामड्याचा वास. पायाशी गरम. खड्डा आला की कळतो, डांबर बदललं की कळतं, गियर बदलताना डाव्या हाताच्या दंडात काय चाललंय ते शेजारी बसून दिसतं. ताशी साठ मैलांना वाटत होतं आपण काहीतरी करतोय.

पुढे वळणावर एक ट्रॅक्टर आडवा आला आणि म्हाताऱ्यानं ब्रेक दाबला. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, १९६१ साली ही मोठी गोष्ट होती. गाडी थांबली. पण थांबते आहे की नाही हे मला काही क्षण नक्की कळलं नाही. म्हातारा शांतपणे म्हणाला की यासाठीच तो पुढच्या वळणाचा विचार आधीच करून ठेवतो.

येताना गोल्फ. एम-४० वरून. दार लावलं की बाहेरचं जग म्यूट. बटण दाबलं, धरलं. लीडनं पाय दाबला आणि माझं डोकं सीटला टेकलं (सीटला हेडरेस्ट होता, ई-टाइपला नव्हता). सत्तर मैलांना आम्ही हापिसातल्या अप्रेझलवर गप्पा मारत होतो. गाडी लेन धरत होती, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवत होती, मध्ये एकदा स्वतःहून ब्रेक लावून लीडला वाचवलंही. कोव्हेंट्री कधी आलं कळलं नाही. खरंच कळलं नाही. त्या प्रवासातलं मला आज काहीही आठवत नाही. चांगल्या गाडीचं हे एक लक्षणच आहे, मी थट्टा करत नाहीये.

मग निकाल? सांगतो, पण आधी एक भ्रम मोडायला हवा, कारण तो आपल्याकडे फार आहे. 'जुन्या गाड्या म्हणजे लोखंड, आताच्या म्हणजे पत्रा.' माझ्या सोसायटीतले काका दर रविवारी हे ऐकवतात. यात थोडं तथ्य होतं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पण ती लाज पत्रा पातळ असण्याची नव्हती, पत्रा चुकीच्या जागी आणि एअरबॅग जागेवर नसण्याची होती. जाड लोखंडानं प्रश्न सुटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू एकमेकींवर समोरून, थोड्या बाजूला सरकवून, ताशी ४० मैलांनी आपटल्या. बेल एअर म्हणजे लोखंडाचा पहाड. व्हिडिओ बघा. पहाडाची केबिन कागदासारखी चुरगळली. तिच्यातला ड्रायव्हर वाचला नसता. मॅलिबूमधल्याचा पाय दुखावला असता, बाकी ठीक.

ई-टाइपची रचना बेल एअरसारखी नाही, जड तर नाहीच, पण काळ तोच. पुढे नळ्यांची चौकट, मागे मोनोकॉक, ल मॉन्सला १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं जिंकलेल्या डी-टाइपकडून आलेली. शर्यतीसाठी सुंदर, माणसाच्या छातीसाठी नाही. माझ्या सीटचा बेल्ट मालकानं नंतर बसवून घेतलेला. आणि ते देखणे टॉगल स्विच? अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे १९६८ च्या सुमाराला ते जाऊन चपटे स्विच आले. लोकांनी हळहळ केली. पण अपघातात तोंड आपटतं कुठे, याचा हिशेब कोणीतरी केला होता, आणि तो बरोबर होता. आठव्या गोल्फला युरो एनकॅपनं २०१९ साली पाच तारे दिले.

आमच्या घरात मार्चमध्ये तिसरं माणूस येणार आहे. त्याला दवाखान्यातून घरी आणायला मी कोणती गाडी निवडेन हा प्रश्नच नाही. हॅचबॅक. दहा वेळा विचारलं तरी हॅचबॅक. (गोल्फ जीटीआय नव्हे हो! ती मे २०२५ मध्ये भारतात ५३ लाखांना आली, एक्स-शोरूम. आपली नेहमीची.) जुन्या गाडीच्या प्रेमात जे लोक 'सुरक्षितता म्हणजे भित्रेपणा' असं बोलतात त्यांच्याशी माझं जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लेख संपला की. निकाल हॅचबॅकच्या बाजूनं, एकमुखी. मलाही गेडनहून येताना असंच वाटलं होतं. मग मी परत आलो.

माझी पुण्यातली हॅचबॅक आठ महिने सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. पूर्ण पावसाळा अंगावर घेऊन. आल्यावर बॅटरी बदलली, चालू झाली, पण वायपर आपल्या मनानं चालायचे. कडक उन्हात एकदम खर्रर्र. लॉक लागायचं आणि आपोआप उघडायचं. (वायपर आणि लॉक! देवाला विनोदबुद्धी आहे.) त्याच आठवड्यात दिवाळीला मामा आले होते.

"बॉनेट काढ," मामा म्हणाले. काढलं. आत एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण.

"आरं, इंजिन कुठं हाय ह्येचं?"

"त्याच्या खाली आहे, मामा. पण दोष इंजिनात नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये पाणी गेलंय बहुतेक."

"मग उघडूया की. वाळवूया. हाय काय त्यात."

मी म्हटलं, मामा, तुम्ही राहू द्या. ते चटकन हात मागे घेऊन उभे राहिले. चाळीस वर्षं गाड्या उघडलेला माणूस, भाच्याच्या गाडीपुढे पाव्हण्यासारखा उभा. मला फार विचित्र वाटलं.

सर्व्हिस सेंटरनं दोन दिवसांनी सांगितलं, पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल, सत्तावीस हजार. रिपेअर? होत नाही. वाळवून बघता येईल? पॉलिसी नाही. नवा डबा आला, तो त्यांच्या लॅपटॉपला जोडला, लॅपटॉप कुठल्यातरी सर्व्हरला जोडला, सर्व्हरनं डब्याला माझ्या गाडीचा चॅसी नंबर आणि किल्ल्या शिकवल्या, आणि गाडी बरी झाली. अर्ध्या तासाचं काम. मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नाही. त्यालाही त्या डब्याच्या आत काय आहे हे माहीत नव्हतं.

मला माहीत आहे. अगदी याच नाही, पण अशाच डब्यांचं सॉफ्टवेअर मी लिहितो. आणि म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

गेडनच्या म्युझियमच्या आवारात म्हाताऱ्यानं ई-टाइपचं बॉनेट उघडून दाखवलं होतं. बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाक, मडगार्डं आणि दिव्यांसकट, पुढे कलंडतं. सगळं समोर. तीन कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, वायरी, बांगड्या. मी जन्मात जॅग्वारच्या इंजिनाला हात लावलेला नाही, पण मला काय कुठे आहे ते कळत होतं, कारण मामांनी फियाटवर शिकवलं होतं. मामांना तिथे उभं केलं असतं तर इंग्रजीचा एक शब्द न बोलता त्यांनी पॉइंटमधला गॅप तपासला असता. ई-टाइप ज्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनली तिथलं गाड्या जोडण्याचं काम २००५ साली थांबलं. तरी १९६१ ते १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या ७२ हजारांवर ई-टाइपांपैकी ज्या उरल्यात त्यांना आजही दाराच्या रबरापासून मडगार्डापर्यंत जवळपास सगळं नवं मिळतं. कारण तो पार्ट हातात धरला, मापला, की कोणीही कुशल माणूस तो पुन्हा बनवू शकतो. त्याला जॅग्वारचा सर्व्हर लागत नाही.

आता ही गोल्फ साठ वर्षांनी बघू. २०८५ साल. इंजिनाचे पिस्टन कोणीतरी बनवून देईल. पत्रा ठोकून देईल. पण तिच्यातले डझनावारी कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात, एकमेकांची ओळख तपासतात, आणि त्यातलं एक मेलं तर नव्याला 'हा आपलाच' असं सांगणारा सर्व्हर तेव्हा चालू असेल? मला माझ्या क्षेत्रातलं माहीत आहे ते सांगतो. मी २०२१ साली ज्या प्रोजेक्टवर होतो त्याचा कोड आज मला स्वतःला बिल्ड करता येत नाही. कंपायलरची ती आवृत्ती एका मशीनवर होती, त्याचं लायसन्स एका यूएसबी डोंगलमध्ये होतं, आणि तो डोंगल ज्याच्या ड्रॉवरमध्ये होता त्यानं नोकरी बदलली. करारात लिहिलेली वर्षं संपली की प्रोजेक्ट आर्काइव्ह होतो. आर्काइव्ह हा आपल्या धंद्यातला 'देवाघरी गेला' साठीचा सभ्य शब्द आहे.

हा भविष्यातला बागुलबुवा नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी नेटवर्क बंद झालं तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेल्या अनेक गाड्यांची इमर्जन्सी कॉलची सोय एका दिवसात मुकी झाली. गाडी तीच, मालक तोच, हप्ते फिटलेले. आणि आठवी गोल्फ? २०२० मध्ये तिची डिलिव्हरी काही काळ थांबवावी लागली होती, ईकॉलच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे. पुढे लोकांनी तिच्या टच-स्लायडरांना इतक्या शिव्या घातल्या की नव्या जीटीआयच्या स्टिअरिंगवर पुन्हा खरी बटणं आली. म्हणजे ऐकतात कंपन्या, अगदीच नाही असं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सोसायटीतल्या काकांसारखा होईन. डबे एकमेकांची ओळख तपासतात ते उगाच नाही. ई-टाइपची वायर जोडून कोणीही ती पळवू शकतो. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचे झाले ते चोऱ्यांमुळेच. आता गाडीच्या सायबर सुरक्षेचे नियम आलेत. त्यांची पूर्तता परवडत नाही म्हणून पोर्शनं २०२४ मध्ये युरोपीय संघात पेट्रोलची मकान विकणं थांबवलं. नियम चांगले आहेत. मी स्वतः त्या नियमांच्या चेकलिस्टा भरतो. लॉक हवंच. माझं म्हणणं एवढंच आहे की लॉकची किल्ली कायम बनवणाऱ्याच्याच खिशात का? गाडीला वीस वर्षं झाली, कंपनीनं हात वर केले, की त्या मॉडेलची प्रोग्रॅमिंगची साधनं आणि कागदपत्रं मालकांना मिळायला हवीत. चोराच्या भीतीनं घराच्या मालकालाही बाहेर ठेवायचं, हे पटत नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात मोटारी हे एक क्षेत्र आहे. पोर्टलनं मामांच्या हातात पाना येत नाही, पण सुरुवात म्हणू.

आणि म्हणून मला म्हाताऱ्याचं ते 'मागे वळून बघणं' आता वेगळं वाटतं. लोकांना वाटतं कूपेवरचं प्रेम म्हणजे तिच्या रूपावरचं प्रेम. रूप आहेच, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं १९९६ मध्ये एक ई-टाइप रोडस्टर आपल्या संग्रहात घेतली ती काही अॅव्हरेज बघून नव्हे. पण म्हाताऱ्यानं ती १९८० च्या दशकात गंजलेली, कमी पैशांत घेतली आणि चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं जिवंत ठेवली. ती बंद पडते, तो दुरुस्त करतो. ती त्याची आहे, या शब्दाच्या जुन्या अर्थानं. माझा लीड त्याच्या गोल्फचा हप्ता भरतो आणि तीन वर्षांनी परत करेल. सुखी आहे, तक्रार नाही. मीही तसाच आहे. मी फक्त हे म्हणतोय की आपण वेग, सुरक्षितता, अॅव्हरेज, आराम हे सगळं मिळवलं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीसाठी गाडी बंद डबा करणं गरजेचं नव्हतं. पाच तारे पत्र्याच्या घडीतून आणि एअरबॅगमधून येतात. सर्व्हरच्या लॉगिनमधून येत नाहीत. हे दोन आपण, म्हणजे आम्ही, एकाच बिलात घालून विकले.

(एक किरकोळ गोष्ट राहिली. ई-टाइप कूपेला मागे काचेसकट उघडणारं दार आहे, फ्रिजसारखं बाजूला उघडतं. म्हणजे काटेकोर बघितलं तर तीही हॅचबॅकच! हे मी गेडनला मोठ्यानं बोललो. दोघांनाही आवडलं नाही.)

असो. मामांचं सांगायचं राहिलं.

सर्व्हिस सेंटरकडून मी जुना डबा मागून घेतला होता. पैसे दिलेत, आपलाच आहे. मामांनी तो घरी टेबलावर घेतला, चष्मा लावला, टेस्टरनं हळूच कडेची चार क्लिपं उचकटली आणि झाकण काढलं. आत हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात पांढरट बुरशीसारखा गंज. मामा खूश. "हे बघ. हितं पाणी बसलंय. बाकी सगळं ठणठणीत." डबा त्यांनी फराळाच्या पिशवीत, चकल्यांच्या वर ठेवून कोल्हापूरला नेला. म्हणाले, शाहूपुरीत मोबाइल दुरुस्तीवाला एक पोरगा आहे, त्याला दाखवतो.

परवा रात्री फोन आला. आवाजातच कळलं. पोरानं पट्टी धुतली, दोन तुटलेल्या रेघा जोडल्या, कसलासा एक पार्ट जुन्या टीव्हीतला काढून लावला. तीनशे रुपये घेतले. करंट सगळीकडे बरोबर येतोय.

"सत्तावीस हजार म्हणं!" मामा हसत होते. "ये गाडी घेऊन शनवारी. लावून बघूया."

तो डबा आता माझ्या गाडीत चालणार नाही. नवा बसवला त्या दिवशी सर्व्हरनं गाडीला आणि किल्ल्यांना नव्याची ओळख शिकवली. जुना परत लावला तर इंजिन चालूच होणार नाही, त्यातल्या रेघा कितीही नीट जोडल्या असल्या तरी. ही तपासणी नेमकी कशी चालते हे मला तोंडपाठ आहे.

मी मामांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी सहाला निघतोय.